सर्वानुमते ओ-दोन

कर्नेल आपण घरीच करायचा असं मी ठरवलं आणि सुचेताला तसं सांगितलं, तेव्हा ती गवार निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "फ्रिजमध्ये ठेवावा लागतो का?" आमच्या घरात नव्या गोष्टीचं स्वागत हे असं होतं. मी तिला शांतपणे समजावलं, की कॉम्प्युटर चालू केला की आत सगळ्यात आधी जो जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो, त्या प्रोग्रामला कर्नेल म्हणतात. शाळेत मुख्याध्यापकांच्या आधी शिपाई येतो, कुलपं काढतो, घंटा देतो, आणि मुख्याध्यापकांना वाटत राहतं की शाळा आपण चालवतो. तो शिपाई म्हणजे कर्नेल. त्यावर ती म्हणाली, चौतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होतात तेव्हा एक शिपाई तुमचं ऐकत नव्हता, आता घरात कशाला आणताय?

मी दुर्लक्ष केलं. माणसाला एखादी गोष्ट आतून कशी चालते हे बघायची हौस असली, की असलं ऐकून घ्यावंच लागतं. लहानपणी मी वडिलांचं गजराचं घड्याळ उघडलं होतं. ते परत लागलं नाही, पण आत काय असतं ते मला कळलं. वडिलांना मात्र या दुसऱ्या भागाचं काही कौतुक वाटलं नव्हतं.

आमचा आल्हाद पुण्यात कॉम्प्युटरच्याच कामात आहे. दिवाळीला त्याने मला खेळायच्या पत्त्याएवढी एक पाटी आणून दिली. हिरवी, वर बारीक काळे चौकोन. म्हणाला, बाबा, हा पूर्ण कॉम्प्युटर आहे आणि आत काहीही नाही, तुम्हीच भरायचं. मग चार महिने मी पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, आल्हादला त्याच्या मीटिंगांमध्ये फोन केले, आणि शेवटी एक कर्नेल उभा केला. माझा कर्नेल दोन कामं आळीपाळीने करू शकत होता. फक्त कामं कुठली, हा प्रश्न होता. एक मिळालं, जिन्यातले दिवे. दुसरं शोधत मी गच्चीवरून खाली बघितलं, तर पंपाच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या लाल खुर्चीत विठू बसलेला दिसला.

विठू आमच्या मधुकुंज सोसायटीचं पाणी बघायचा. मूळचा अकलोलीचा, पण उमेदीची तीस वर्षं कामतघरला कापडाच्या लूमवर गेली. लूमच्या खडखडाटाने कान गेले. म्हणजे अगदीच गेले नव्हते, पण त्याच्याशी बोलायचं तर वरच्या पट्टीत, आणि मग वरच्या मजल्यांनाही कळायचं. रोज सकाळी पाच वाजता पालिकेचं पाणी येई. पहिलं पाणी विठू गटाराच्या तोंडाकडे सोडून द्यायचा. मग काही वेळाने कॉक फिरवून टाकीत घ्यायचा, पंप लावायचा, आणि वरची टाकी भरली की बंद करायचा. मधल्या वेळात तो पाइपावर हात टेकून खुर्चीत बसून राहायचा. साठीच्या माणसाला टेकायला काहीतरी लागतंच, असं मी समजलो.

मी त्याला जाऊन सांगितलं, की तुझं काम माझं मशीन करील. लगेच सुधारलं, की तू आहेसच, फक्त तुझी ऊठबस वाचेल. त्याने मशीन हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "तात्या, याला पानी कळतं का?"

"कळतं," मी म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ते फार महागात पडलं.

मग आठ दिवस मी पहाटे पाच वाजता घड्याळ घेऊन विठूशेजारी बसलो. पाणी आल्यापासून कॉक फिरवेपर्यंत तो किती वेळ थांबतो याची नोंद केली. कधी नऊ मिनिटं, कधी चौदा. सरासरी अकरा निघाली. अकरा मिनिटं थांबायचं कसं, तर कर्नेलला शून्यापासून अमुक कोटीपर्यंत नुसते आकडे मोजायला लावायचे. मोजून मिळवायचं काही नाही, नुसता वेळ काढायचा. आल्हाद म्हणाला, बाबा, वेळ मोजायला त्यात वेगळं घड्याळ असतं. मी म्हटलं, विठूकडे कुठे घड्याळ आहे? आणि चौतीस वर्षं सरकारी अनुदानित शाळेत काढलेल्या माणसाला वेळ कसा काढायचा हे कोणी शिकवू नये.

आणि यंत्र चाललं. खरंच चाललं. पाणी आलं की खालचा बोया हले, अकरा मिनिटं गटाराला, मग कॉक आपोआप फिरे, पंप सुरू होई, वरच्या टाकीतला तरंगता बोया उचलला गेला की पंप बंद. विठू खुर्चीत बसून हे सगळं बघायचा, आणि हात मात्र पाइपावर. सोसायटीत माझं नाव झालं. रिक्षावाल्यांनासुद्धा कळलं. सुचेताने एकदा चहा मी मागण्याआधी आणून दिला.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण आमची वार्षिक सभा आली.

आमचे चेअरमन हिरामणशेठ. ही जमीन मुळात त्यांची, त्यामुळे सोसायटीत सात फ्लॅट आणि तहहयात अध्यक्षपद त्यांच्याकडे. मनाचा मोठा माणूस. त्यांचा मुलगा मनोज सेक्रेटरी. त्याची वडप्याला गोदामं आहेत, आणि गोदामांत हल्ली जे इंजिनिअर येतात त्यांच्याकडून त्याने काही शब्द घेतले आहेत. सभेत पहिला विषय माझा सत्कार. मला शाल घातली, हातात नारळ दिला. भाषण करताना मी जरा वाहवलो. मी म्हणालो, की आपण लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात, आणि त्याला सांगता येतं की हुशारी किती करायची. ओ-शून्य म्हणजे काडीचीही हुशारी नको, लिहिलंय तसं उतरव. मग ओ-एक, ओ-दोन, ओ-तीन. मी ओ-शून्यावर चालवतो.

ऑफिसात काम केलेल्यांना हे लगेच कळेल. एक कारकून असतो, त्याला मसुदा दिला की चुकांसकट नक्कल करून आणतो. दुसरा असतो, तो आपला मसुदा सुधारतो, दोन परिच्छेद गाळतो आणि वर म्हणतो, साहेब, सुटसुटीत केलं. मी जन्मभर पहिल्यावर विश्वास ठेवला. पण सभेने नेमका तोच मुद्दा पकडला.

मनोज म्हणाला, सोसायटीचं यंत्र आणि शून्यावर? तीनपर्यंत सोय असताना? लगेच चर्चेला तोंड फुटलं. शून्याने शुभकार्याची सुरुवात कोणी करत नाही, असं एक मत पडलं. मनोजने तीन सुचवला, तर त्याच्या आईने, म्हणजे कमळवहिनींनी, तीन तिगाडा काम बिगाडा म्हणून जागीच हाणून पाडला. कोणी विचारलं, सव्वा ठेवता येईल का, सव्वा शुभ असतो. मी म्हटलं, सव्वा कंपायलरमध्ये नाही. मग तो परदेशी असणार, असं ते म्हणाले. शेवटी हिरामणशेठ उठले. म्हणाले, "येक म्हंजे येकटा. घरात पोरीचा लगीन हाय. दोन घ्या, जोडी बरी." त्यांच्या मुलीची, उन्नतीची हळद तीन आठवड्यांवर होती. याच्यावर कोण काय बोलणार? ठराव क्रमांक नऊ: सोसायटीचे पाण्याचे काम यंत्राने ओ-दोन या पद्धतीनेच करावे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. जगाच्या पाठीवर कंपायलरची हुशारी हात वर करून ठरवणारी आमची पहिलीच सोसायटी असावी.

मी हसतच होतो, तेवढ्यात मनोजने ठराव क्रमांक दहा वाचला. यंत्र आल्यामुळे विठू यांचे काम उरले नसून ते नुसते बसून असतात, सबब त्यांची सेवा या महिनाअखेर थांबवावी. विरोध असणाऱ्यांनी हात वर करावेत.

आता मी काय सांगू. माझ्या एका हातात नारळ होता, दुसऱ्या हाताने खांद्यावरून घसरणारी शाल धरली होती. नारळ खाली ठेवायला जागा शोधेपर्यंत मनोजने 'सर्वानुमते' लिहून वही मिटली. हे कारण मी सुचेताला सांगितलं. ती म्हणाली, तोंड मोकळं होतं ना? मी शाल घडी करून कपाटात ठेवली.

महिनाअखेरीस विठू गेला. अकलोलीला भावाची चहाची टपरी आहे, तिथे बसतो म्हणाला. खुर्ची तिथेच राहिली. मी तिच्याकडे न बघता जाऊ लागलो, पण पंपाच्या खोलीकडे जायला दुसरी वाट नाही.

आता मशीन ओ-दोनवर होतं आणि देखरेख माझी होती. पहिल्याच दिवशी पंप सुरू झाला तो थांबेचना. वरची टाकी भरली, वाहिली, आणि गच्चीवर कमळवहिनींनी हळदीच्या पाहुण्यांसाठी वाळत घातलेले बोंबील पोहायला लागले. जन्मभर पाण्यात काढून, मरून, वाळून, पुन्हा पाण्यात. वहिनी धावत वर गेल्या आणि तिथून माझ्या नावाने जे बोलल्या ते मला तळमजल्यावर नीट ऐकू आलं. विठू असता तर त्यालाही आलं असतं.

पंप हाताने बंद करून मी मनोजकडे गेलो आणि म्हटलं, परत शून्यावर घेतो. तो म्हणाला, "काका, इतिवृत्तात ओ-दोन आहे. बदलायचं तर विशेष सभा, चौदा दिवसांची नोटीस." मी म्हटलं, बोंबील भिजले. तो म्हणाला, बोंबलांसाठी नियम बदलत नाहीत. मी स्वतः शाळेत पालकांना नेमकं अशाच सुरात बोलायचो, त्यामुळे मला त्याचा राग येऊन उपयोग नव्हता.

आल्हादला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हे होणारच होतं. टाकी भरली की नाही हे एका जागी लिहून ठेवलेलं असतं. ओ-दोनवाला कंपायलर हुशार, तो म्हणतो, या कामात ती नोंद बदलणारं कोणी मला दिसत नाही, मग परत परत कशाला बघू? एकदाच बघतो, 'भरली नाही' हे पाठ करतो आणि तेच धरून बसतो. बाहेर बोया हलतो, नोंद बदलते, पण हा बघतच नाही. उपाय एक शब्दाचा. त्या नोंदीच्या आधी 'व्होलटाइल' लिहायचं. त्याचा अर्थ, बाबारे, तुला दिसत नसलं तरी हे बाहेरून बदलतं, म्हणून दर वेळी बघ. मी तो शब्द लिहिला. दुसऱ्या दिवशी टाकी भरली, पंप थांबला. मला वाटलं, संपलं.

पंधरा दिवस खरंच बरे गेले, आणि पहाटे पाचला उठून कॉक बघायची मला गरज वाटली नाही. मग उन्नतीच्या हळदीच्या आदल्या दिवशी पाण्याचं शटडाऊन आलं. चोवीस तास पाणी बंद. आपल्याकडे लहान मूलही सांगेल, की शटडाऊननंतर पहिलं पाणी गढूळ येतं. पण मी निश्चिंत होतो. अकरा मिनिटं गटाराला जाणारच होती.

हळदीच्या दिवशी सकाळी सात वाजता हिरामणशेठ माझ्या दारात उभे राहिले. कमरेला पंचा, अंग ओलं, आणि कपाळापासून पोटापर्यंत रंग पिवळा. दोन क्षण मला वाटलं, हळद सकाळीच लावली.

"तात्या," ते अगदी हळू म्हणाले, "पानी पिवला कसा?"

सगळ्या बिल्डिंगच्या नळांना तेच पाणी होतं. टाकीच्या तळाशी चार बोटं गाळ. संध्याकाळी अडीचशे माणूस येणार होतं. मनोजने गोदामांचे ट्रक टँकर शोधायला पाठवले. टाकी उपसली, दोन टँकर आले, हळद झाली, पाहुण्यांना काही कळलं नाही. पण कमळवहिनींनी ओटीचं तबक घेऊन आलेल्या सुचेताला बाजूला घेऊन विचारलं, की भावजींना घरात करायला दुसरं काही काम नाही का. सुचेता घरी येऊन सरळ गवार निवडायला बसली. हे वाईट लक्षण.

रात्रीपर्यंत दम निघेना. हळदीचं बँजोपथक खाली वाजत असतानाच मी झेरॉक्सवाल्याकडे गेलो. कंपायलर यंत्राच्या भाषेत काय उतरवून देतो ते छापून घेता येतं, हे मी शिकलो होतो. ओ-शून्यावरची प्रत निघाली चाळीस पानं. ओ-दोनवरची अकरा. घरी येऊन मी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या आणि लाल पेनाने ओळ न ओळ तपासली. आल्हादने फोनवर सांगितलेल्या ओळी होत्या. पंपाच्या होत्या. जिन्यातल्या दिव्यांच्या होत्या. वाट बघण्याची माझी अख्खी ओळ, ते कोटीपर्यंत मोजणं, कुठेच नव्हतं. गाळलं होतं, तेही पहिल्या दिवसापासून; रोजच्या पाण्यात गाळ थोडा, म्हणून कळलं नव्हतं. आणि कुठे शेरा नाही, खूण नाही, 'अनावश्यक वाटल्याने वगळले' एवढंसुद्धा नाही. चौतीस वर्षांत माझ्या मसुद्यातलं एक वाक्य कोणी शेरा मारल्याशिवाय काढलं नव्हतं. शिक्षणाधिकाऱ्यांनीही नाही.

आल्हाद फोनवर हसला. म्हणाला, "बाबा, त्या मोजण्याचा बाहेर काही परिणाम दिसत नाही. ज्याचा परिणाम दिसत नाही ते काम तो काढून टाकतो."

"अरे, वाट बघण्याचा परिणाम दिसणार कसा?" मी म्हटलं. "वाट बघितली नाही की दिसतो."

तो म्हणाला, हे मात्र बरोबर आहे. फोन ठेवला आणि मग माझं मलाच कानात वाजलं. नुसते बसून असतात, सबब. ठराव क्रमांक दहा. हातात नारळ.

दुसऱ्या दिवशी मी मोजण्यालाही तो 'व्होलटाइल' शब्द जोडला. ओळ परत आली, पण ओ-दोनच्या हुशारीमुळे मोजण्याचा वेग इतका वाढला, की अकरा मिनिटांचं मोजणं अडीच मिनिटांत उरकायला लागलं. आकडा वाढवला, तेरा मिनिटं झाली. कमी केला, दहा. असा आकडा खालीवर करता करता मला एक साधा प्रश्न पडला, जो पहिल्या दिवशी पडायला हवा होता. विठू कधी नऊ मिनिटं थांबायचा, कधी चौदा. का? आळस म्हणावा तर आळशी माणूस रोज सारखा थांबतो. मी आठ दिवस त्याच्या शेजारी बसून त्याचा वेळ मोजला, पण तो काय करतोय हे एकदाही विचारलं नाही. आणि म्हणे मला गोष्टी आतून बघायची हौस.

रविवारी मी एसटीने अकलोलीला गेलो. विठू भावाच्या टपरीवर नव्हता, गरम पाण्याच्या कुंडाच्या काठावर पाय सोडून बसला होता. आसपास अंघोळीला आलेली पंधरा-वीस माणसं. मी हळू आवाजात म्हणालो, विठू, माझं चुकलं. त्याने कानाला हात लावला. मी जरा मोठ्याने म्हणालो. तो म्हणाला, "काय सुकलं?" आता इलाज नव्हता. मी पोटातून ओरडलो, "माझं चुकलं! मशीनला पाणी कळतं म्हणालो ते खोटं होतं! तुला काढलं तेव्हा मी गप्प बसलो!"

कुंडातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. एक टॉवेल गुंडाळलेला गृहस्थ म्हणाला, अहो काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्याने विठूला सांगितलं, माफ करा आजोबा, म्हातारा माणूस आहे. विठू माझ्याहून लहान आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती. मला फार लाज वाटली, आणि खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं.

विठूने मला शेजारी बसवून घेतलं. पायांना चटका बसला. मग मी पाइपावरच्या हाताचं विचारलं. त्याला नवल वाटलं, की हे विचारायची गोष्ट आहे. लूमवर कान गेल्यावर, तो म्हणाला, माणूस हाताने ऐकतो. कुठला लूम बिघडणार हे त्याच्या सांगाड्यावर हात ठेवला की कळायचं. पाइपाचंही तेच. आधी हवा आणि रेती येते तेव्हा पाइप खरखरतो. हळूहळू खरखर कमी होते. मग एकदम पाइप गार पडतो आणि गप्प होतो. "तवा पानी चांगलं. आदी न्हाय. मंग नऊ मिनिट होवो न्हायतर तास होवो."

तो वाट बघतच नव्हता. तो पाणी बघत होता. आठ दिवस पहाटे उठून मी नुसती सरासरी काढली.

परत ये म्हणालो. तो म्हणाला, सभेने काढलंय, सभेने बोलवावं. म्हणजे पुन्हा मनोज, पुन्हा चौदा दिवस, आणि ठराव रद्द करायला दोन तृतीयांश मतं. पण इथे माझी चौतीस वर्षं कामाला आली. ठराव कधी रद्द करायचा नसतो, त्याचं शुद्धिपत्रक काढायचं असतं. मी दोन रात्री बसून मसुदा केला. ठराव नऊ अन्वये पाण्याचे काम यंत्राने ओ-दोन पद्धतीनेच होईल. तथापि 'यंत्र' या शब्दात पाटी, वायर, कॉक, पंप, दोन बोये आणि श्री. विठू, त्यांच्या खुर्चीसह, यांचा समावेश आहे असे समजावे. यंत्राचा भाग असल्याने त्यांना ठराव दहा लागू होत नाही. यंत्राची देखभाल, श्री. विठू यांच्या पगारासह, जशी पूर्वी होत होती तशीच पुढे चालू ठेवावी.

मनोजने तीनदा वाचलं. म्हणाला, काका, माणूस यंत्राचा भाग कसा? मी विचारलं, नियमात कुठे मनाई आहे? तो उपविधीचं पुस्तक काढायला गेला. तेवढ्यात हिरामणशेठनी कागद ओढून सही केली. म्हणाले, "मी पिवला झालो, तू न्हाय."

तो कागद बघून विठू परत आला, आणि त्या आठवड्यात मी कर्नेल बदलला. मोजणं काढून टाकलं, या वेळी मी स्वतः, शेरा मारून. त्या जागी एक बटण आलं. कामतघरच्या भंगारातून आणलेलं, लूम बंद करायचं मोठं लाल बटण. विठूच्या उजव्या हाताशी, कारण डावा पाइपावर. मशीनने पाणी आलं की थांबायचं, आणि विठू बटण दाबेपर्यंत पुढे काही करायचं नाही. बटणाच्या नोंदीआधी तो शब्द लिहिला. मग ओ-दोनवर प्रत छापून आणली आणि दारातच उघडली. नऊ पानं निघाली. चौथ्या पानावर विठूची ओळ होती. कंपायलरला ती काढता आली नव्हती. मी ती सुचेताला दाखवली. तिला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण तिने चष्मा लावून ती ओळ दोनदा बघितली.

पुढच्या शटडाऊनच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पंपाच्या खोलीबाहेर अर्धी सोसायटी जमली होती. पाच वाजता पाणी आलं. गटाराकडे तांबडा लोंढा सुटला. विठू खुर्चीत, डावा हात पाइपावर, डोळे मिटलेले. अकरा मिनिटं झाली. वीस झाली. पाणी मला बऱ्यापैकी स्वच्छ दिसायला लागलं. मनोज घड्याळ बघून म्हणाला, दाबा की आता. विठूला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. एकाएकी पुन्हा एक गढूळ लोंढा आला आणि मनोज दोन पावलं मागे सरला. चाळिसाव्या मिनिटाला विठूने डोळे उघडले आणि बटण दाबलं. कॉक फिरला, पंप लागला. कमळवहिनींनी वरून नळाचं भरलेलं पातेलं खिडकीबाहेर धरून दाखवलं. तळ दिसतोय, असं त्या ओरडून म्हणाल्या.

मनोज माझ्याकडे वळला. आता त्याच्या चेहऱ्यावर सेक्रेटरी नव्हता, नुसतं कुतूहल होतं. त्याने विचारलं, "काका, पण ही चाळीस मिनिटं मशीन काय करत होतं?"

"विचारत होतं. विठूने दाबलं का, विठूने दाबलं का. सेकंदाला काही लाख वेळा."

"आणि कंपायलरने हे काढलं नाही?"

"त्याला सांगून ठेवलंय," मी म्हणालो.

विठूने आमच्या तोंडांकडे बघून विचारलं, काय म्हनतो पोरगा? मी त्याच्या कानाशी वाकून ओरडलो, "मशीन चाळीस मिनिटं तुझी वाट बघत होतं म्हणतोय!"

विठूने भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या त्या हिरव्या पाटीकडे जरा वेळ बघितलं.

"मंग उभं कशाला ठेवलंय त्याला," तो म्हणाला, "एक खुर्ची द्या."